पातळ पत्र्याचे वेल्डिंग घरच्या घरी: नवशिक्याने सुरुवात कशी करावी

होळी आटोपली की आमच्याकडे सपरीच्या कोपऱ्यात वर्षभर पडून असलेले कूलर बाहेर निघतात, आणि टाकीत पहिली बादली ओतल्याबरोबर यंदा कोणाच्या घरचा पत्रा गेला, ते अंगणातल्या ओघळावरून कळते. तालुक्याच्या ठिकाणी फॅब्रिकेशनवाल्याकडे त्या दिवसांत रांग असते, शिवाय कूलर नेण्या-आणण्याचे गाडीभाडे वेगळे. या कटकटीला कंटाळून काही वर्षांपूर्वी मी एक लहान इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन विकत घेतले आणि पहिल्याच दिवशी कूलरच्या टाकीचे बोटाएवढे भोक बुजवता बुजवता तळहाताएवढे करून ठेवले.

दोष मशीनचा नव्हता. जाड अँगल जोडताना जे उपयोगी पडते, म्हणजे भरपूर उष्णता आणि न थांबता सलग चाललेला हात, तेच पातळ पत्र्याला घातक ठरते, हे मला ठाऊक नव्हते. जाड लोखंडात उष्णतेला आजूबाजूला पसरायला जागा असते. पत्र्यात ती जागा नसल्याने उष्णता जिथे पडते तिथेच साचते आणि पत्रा वितळून गळून पडतो. उष्णता किती द्यायची यापेक्षा ती कधी तोडायची, यावर पातळ पत्र्याचे सगळे काम अवलंबून असते. पुढे रॉड (वितळून जोड भरणारी, आवरण असलेली लोखंडी कांडी), करंट, टाके (पत्रे जागेवर धरून ठेवणारे ठिपक्याएवढे जोड) आणि तांब्याची पट्टी यांविषयी जे सांगितले आहे, ते या एकाच हिशेबापोटी.

कोणता पत्रा हाती घ्यावा

बाजारात पत्रा गेजवर विकला जातो आणि गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ असतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे ०.७ मिलिमीटर. जाडी मोजायला व्हर्नियर नसेल, तर त्याच पत्र्याचे दहा लहान तुकडे एकावर एक घट्ट दाबून साध्या पट्टीने मोजावेत आणि आलेल्या मापाला दहाने भागावे. कामापुरता अंदाज येतो.

नवशिक्याने १६ गेजपासून सुरुवात करावी आणि हात बसल्यावर १८ गेजकडे वळावे. २० गेजचा पत्रा २ मिलिमीटरच्या रॉडने जोडता येतो, पण त्याला बराच सराव लागतो. त्याहून पातळ पत्र्याच्या वाटेला रॉडचे मशीन घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छपराची टिने तर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतात. त्यांना स्क्रू, हुक आणि रबरी वॉशर हाच उपाय.

जाडीइतकेच लक्ष पत्र्याच्या मुलाम्याकडे द्यावे. पांढरट, चमकदार, फुलाफुलांच्या नक्षीचा पत्रा असेल तर त्यावर जस्त आहे असे समजावे. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद वितळायला जवळपास १५०० अंश लागतात. म्हणजे पत्रा वितळण्याच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघालेला असतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते आणि तोंडाला धातूची चव येते. यावर दूध प्यावे, गूळ खावा असे गावोगाव सांगितले जाते, परंतु दूध पोटात जाते आणि धूर फुप्फुसात गेलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. जोडाच्या दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही अंगांनी इंचभर जस्त घासून काढावे, उघड्यावर वाऱ्याकडे पाठ न करता कडेने बसावे, म्हणजे धूर तोंडासमोर घुटमळत नाही, आणि धुरासाठीचा योग्य मास्क लावावा. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने हा धूर अडत नाही. सरावासाठी तर मुलामा नसलेला काळा पत्राच घ्यावा.

मशीन, रॉड आणि काच

घरगुती कामासाठी एक फेजवर चालणारे इन्व्हर्टर मशीन पुरेसे आहे. त्यावर २०० अँपिअर लिहिलेले असते, पण पत्र्याच्या कामाला त्यातले ४० ते ७० अँपिअरच लागतात, आणि इतक्या करंटवर मशीन घरच्या लाइनवरून साधारण दहा-बारा अँपिअर ओढते. म्हणून १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची एक्स्टेन्शन वायर एवढी तयारी असावी. पंख्याच्या वायरीवर मशीन लावल्यास वायर तापते आणि करंट मध्येच गळतो, मग रॉड चिकटला म्हणून आपण करंट वाढवतो, आणि व्होल्टेज परत येताच पत्र्याला भोक पडते. गावात संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की व्होल्टेज उतरते; पत्र्याचे काम सकाळी करावे, हे त्यामुळेही बरे. आकडा टाकून मशीन चालवण्याचा विचारसुद्धा करू नये.

रॉड ६०१३ या जातीचा घ्यावा. त्याची आर्क, म्हणजे रॉडचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत, मऊ असते, तो फार खोल जात नाही आणि कमी करंटवरही पेटतो. २ मिलिमीटरचा मिळाल्यास उत्तम, नाहीतर २.५ मिलिमीटरचा. येथे एक अडचण नेहमी येते. लहान गावच्या हार्डवेअर दुकानात बहुधा ३.१५ मिलिमीटरचाच रॉड असतो, आणि "हाच चालतो भाऊ, समदे हाच नेतात" असे सांगून तो हाती दिला जातो. माझ्या कूलरची चाळणी याच रॉडने झाली. त्या रॉडला नीट जळायलाच ९० अँपिअरच्या पुढे करंट हवा, आणि तेवढ्या करंटपुढे १८ गेजचा पत्रा टिकत नाही. तालुक्याला किंवा नागपूरला इतवारीतल्या लोहा ओळीकडे फेरी झाली, तर बारीक रॉडचे एक पाकीट आणून ठेवावे. पाकीट फोडल्यावर रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पावसाळ्यात त्यांचे आवरण ओल धरते, आर्क तडतडते आणि जोडात बारीक छिद्रे राहतात. अशा वेळी रॉड साधारण १०० अंशांवर तासभर वाळवून घेतले की ते पुन्हा नीट चालतात.

करंटचा अंदाज असा: २ मिलिमीटरच्या रॉडला ४० ते ५५ अँपिअर, २.५ मिलिमीटरच्या रॉडला ५५ ते ७०. मशीनवरचा आकडा मात्र तंतोतंत खरा मानू नये. जो पत्रा जोडायचा आहे त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर रॉड चालवून पाहावा आणि तिथे जे जुळेल ते खरे. मशीन डीसी असल्यामुळे होल्डर (रॉड धरणारा चिमटा) आणि अर्थ (जोडायच्या लोखंडाला लावायचा क्लँप) यांच्या वायरींची मशीनवर अदलाबदल करता येते. ६०१३ रॉडने पातळ पत्रा जोडताना होल्डर मायनसला आणि अर्थ प्लसला लावावा. त्याने पत्र्यात शिरणारी धग थोडी कमी होते. मशीनला हॉट स्टार्ट किंवा आर्क फोर्सची, म्हणजे रॉड पेटताना किंवा फार जवळ आल्यावर जादा करंट देणारी, वेगळी बटणे असतील तर ती अगदी कमीवर ठेवावीत, नाहीतर रॉड टेकताच उसळी मारून भोक पाडतो.

तोंडासमोर धरायच्या वेल्डिंगच्या काळ्या काचेच्या बाबतीत लोक नेमकी उलटी चूक करतात. जितकी काळी तितकी सुरक्षित, असे समजून १२ नंबरची काच घेतात. पण ५० अँपिअरची आर्क लहान असते. १२ नंबरच्या काचेतून तिच्याभोवतीचे काहीच दिसत नाही, आणि मग माणूस काच वर करून डोकावतो. या कामाला ९ किंवा १० नंबरची काच योग्य. आपोआप काळी होणारी ऑटो डार्किंग हेल्मेट मिळाली तर नवशिक्याचे निम्मे कष्ट वाचतात, कारण रॉड कुठे टेकतो आहे ते आर्क पेटण्याच्या क्षणापर्यंत दिसत राहते. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिल्यास त्रास लगेच होत नाही. रात्री झोपेतून उठवणारी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपण सुरू होते. त्यावर बटाट्याच्या चकत्या किंवा दूध घालण्यापेक्षा डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. गंमत पाहायला जमणाऱ्या पोरांना हटकूनही ती हटत नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूला जुन्या पत्र्याचा आडोसा उभा करावा.

रॉडऐवजी तार पुरवणारे आणि जोडावर गॅसचे आवरण धरणारे मिग मशीन पातळ पत्र्याला रॉडपेक्षा सोपे पडते, यात वाद नाही. ०.८ मिलिमीटरची तार, बोटाने घोडा दाबला की सुरू, सोडला की बंद. पण सिलिंडर भरून आणण्याची सोय जवळ नसेल आणि काम उघड्या अंगणात असेल, तर वारा गॅस उडवून नेतो आणि जोड स्पंजासारखा होतो. म्हणून येथे रॉडचाच विचार केला आहे.

जागा

पत्र्याच्या कामापेक्षा त्या कामाच्या जागेने आमच्या भागात जास्त नुकसान होते. दिवाळीनंतर घराघरांत कापूस भरलेला असतो, गुरांच्या कोठ्याच्या बाजूला कुटाराचा (भुशाचा) ढीग, भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. एकदा मी कोठ्याच्या दाराचा बिजागर जोडला, मशीन आवरले, हातपाय धुऊन चहाला बसलो, आणि अर्ध्या तासाने कुटाराच्या ढिगातून एक बारीक, निळसर धुराची रेघ वर येताना दिसली. वरून काहीच जळत नव्हते. काठीने उकरले तेव्हा वीतभर आत लालबुंद निखारा धुमसत होता. ठिणगी कुटारात शिरली की भडकत नाही, आत बसून राहते. म्हणून अशा वस्तूंपासून निदान तीस-पस्तीस फूट दूर काम करावे, दोन बादल्या पाणी आणि ओला बारदाना जवळ ठेवावा, आणि काम संपल्यावर तासभर त्या जागेवर नजर ठेवावी. कापूस साठवलेल्या खोलीत किंवा तिच्या दारात तर रॉड पेटवूच नये.

शेणाने नुकतेच सारवलेले अंगण दिसायला प्रसन्न असले तरी वेल्डिंगसाठी वाईट, कारण ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगातून करंट सहज जमिनीत उतरतो. कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई पायाखाली घ्यावी, कातडी बूट घालावेत आणि पँटचे पाय बुटावरून बाहेर सोडावेत. हातमोजे घामाने भिजले की बदलावेत. उन्हाळ्यात ४५ अंशांत हे दर अर्ध्या तासाला घडते, म्हणून त्या दिवसांत पहाटेच कामाला लागावे. कपडे जाड सुती असावेत, टेरिलीनचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. कापसाच्या मुलखात सुती कपड्याची वाण नसावी, पण कामाला मुद्दाम जुना टेरिकॉटचा शर्ट काढणारे पुष्कळ पाहिले आहेत.

कोठ्याच्या लोखंडी खांबाला साखळीने गुरे बांधलेली असतील तर ती आधी सोडून दूर न्यावीत, आणि अर्थचा क्लँप त्या सांगाड्याला कधीही लावू नये. माणसाला जाणवतही नाही इतक्या करंटने बैल बिथरतो. फवारणीच्या औषधाचा, डिझेलचा किंवा पेट्रोलचा रिकामा डबा वा पिंप कितीही धुतलेले असले तरी त्याला रॉड लावू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो, आणि काही औषधांच्या अंशातून आर्कच्या उष्णतेने विषारी वायू निघतो.

हात बसवणे

१६ गेजच्या काळ्या पत्र्याचे हाताएवढे लांब आणि चार बोटे रुंद असे दहा-बारा तुकडे कापून घ्यावेत. कापलेल्या कडेची कूस कानशीने काढावी, रंग, गंज आणि तेल ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने घासून धातू उजळ करावा. जाड लोखंडावरचा थोडा गंज रॉड सहन करून घेतो. पत्र्यात मात्र गंज जाळण्यासाठी रॉड थांबला, तेवढ्यातच भोक पडते. अर्थचा क्लँपही असाच उजळ केलेल्या जागी, जोडाच्या जवळ लावावा.

प्रथम जोड न करता एका अखंड तुकड्यावर रेघा ओढाव्यात. रॉड पेटवणे हीच पहिली अडचण असते, कारण कमी करंटवर तो पेटण्याऐवजी चिकटतो. काडेपेटीवर काडी ओढावी तसा तो जवळच्या टाकाऊ लोखंडावर ओढून टोक गरम करावे आणि लगेच पत्र्यावर आणावे. गरम टोक झटकन पेटते. चिकटलाच तर मनगटाच्या झटक्याने सोडवावा, न सुटल्यास होल्डरचा चिमटा दाबून रॉड मोकळा करावा. आपल्याला दिसेल अशा बाजूने, रॉडचा वरचा भाग पुढच्या दिशेला किंचित कलता आणि टोक मागे ठेवून तो ओढत न्यावा. रॉड आणि पत्रा यांत अंतर रॉडच्या जाडीपेक्षा कमी ठेवावे. भोक पडेल या भीतीने नवशिका रॉड वर उचलतो, पण आर्क लांबली की धग पसरते, ठिणग्या उडतात आणि भोक उलट लवकर पडते. रॉड जवळच राहू द्यावा, हात मात्र चटकन पुढे सरकवावा.

आता काचेतून नेमके काय पाहायचे, ते नीट समजून घ्यावे. आर्कच्या झगमगाटाकडे पाहू नये. तिच्या लगेच मागे वितळलेल्या धातूचे लहानसे डबके असते, साधारण तुरीच्या दाण्याएवढे, शांत आणि तुकतुकीत, आणि त्यावर खपलीचा (रॉडच्या आवरणातून जोडावर बसणाऱ्या कवचाचा) रस पाण्यावर तेल तरंगावे तसा मागे मागे सरकत असतो. डबके गोल आणि किंचित फुगीर आहे तोवर सगळे ठीक. ते रुंद होऊ लागले आणि त्याचा मधला भाग खाली बसू लागला, की पत्रा मागून सुटायला आला असे समजावे. भोक पडण्याच्या आधी हा एकच इशारा मिळतो आणि तो अर्ध्या सेकंदाचा असतो. त्या क्षणी रॉड उचलून आर्क तोडावी. डबक्याची लाली उतरून कडा काळपट झाल्या की पुन्हा तेथेच टेकावा. या उचल-टेकीची लय हाताला लागेपर्यंत पाकिटातले निम्मे रॉड संपतात, आणि ते वाया गेले असे मानू नये.

सराव झाला का, हे पाहण्यासाठी दोन तुकडे जोडून त्यांपैकी एक शिकंजात धरावा आणि दुसरा हातोडीने उलट्या अंगाने वाकवावा. जोड सोलून निघाला तर धातू वर नुसता चिकटला होता, करंट कमी पडला. जोडाशेजारचा पत्रा फाटला आणि जोड टिकला, तर काम जमले.

जोड

दोन पत्रे कडेला कड लावून जोडणे सर्वांत अवघड, कारण रॉडखाली दोन्ही बाजूंना पातळ कड असते आणि मध्ये फट. नवशिक्याने एक पत्रा दुसऱ्यावर पाऊण इंच चढवून जोडावा. तेथे खाली दुप्पट जाडी मिळते, आणि आर्कचा रोख खालच्या पत्र्यावर ठेवून वरच्याची कड डबक्यात नुसती ओढून घेता येते. पत्र्यांची कड वाकवणे शक्य असल्यास दोन्ही कडा उभ्या वाकवून एकमेकींना टेकवाव्यात आणि वरची धार वितळवत न्यावी; पेटीसारख्या कामात हा जोड फार देखणा येतो. कसाही जोड असला तरी फट नको. पत्र्याच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त फट राहिली तर ती भरण्याच्या नादात पत्रा जातो. सी क्लॅम्प, लॉकिंग पक्कड किंवा वरून ठेवलेले जड लोखंड, जे हाताशी असेल त्याने पत्रे दाबून धरावेत.

जोडाच्या मागे तांब्याची पट्टी लावली तर नवशिक्याचे पुष्कळ अपराध पोटात घातले जातात. तांबे उष्णता पोलादाच्या सात-आठ पट वेगाने वाहून नेते आणि वितळलेले पोलाद त्याला चिकटत नाही. भंगारवाल्याकडे फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या किंवा जुन्या स्टार्टरमधल्या पट्ट्या मिळतात. त्या ठोकून सपाट कराव्यात. ॲल्युमिनियमची जाड पट्टीही चालते. पितळ मात्र वापरू नये, त्यात जस्त असते.

मग टाके. आधी दोन्ही टोकांना एकेक टाका, नंतर बरोबर मध्ये, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्ये, असे करत दर इंच-सव्वा इंचावर टाका येईपर्यंत जावे. एका टोकाकडून ओळीने टाके मारत गेल्यास पत्रा पुढे पुढे कात्रीसारखा उघडत जातो. टाके झाल्यावर पत्रा सपाट आहे का ते पाहून हातोडीने बसवावा, खपली झाडावी, आणि दोन टाक्यांमधले अंतर भरायला घ्यावे. तेही ओळीने भरू नये. बोटाच्या पेराएवढी एक शिवण येथे, पुढची वीतभर दूर, तिसरी पुन्हा दुसऱ्या टोकाला. पहिल्या जागेजवळ हाताची पाठ नेऊन चटका बसत नसेल तरच तिच्या शेजारी यावे. थांबण्याचा कंटाळा येतो, म्हणून लोक पाणी मारतात. त्याने पत्रा आणखी वेडावाकडा होतो आणि कामाची जागा ओली होते. त्या वेळात दुसऱ्या कामाच्या खपल्या काढाव्यात.

शक्य असेल तेव्हा पत्रा तीस-चाळीस अंशांत तिरपा उभा करून वरून खाली रॉड ओढावा. हात वेगाने उतरतो, धातू पातळ पसरतो आणि धग खोल जात नाही. जाड लोखंडात ही पद्धत जोड कच्चा ठेवते, पत्र्यात तीच पथ्यावर पडते. फक्त खपलीचा रस डबक्याच्या पुढे धावू देऊ नये. तो पुढे आला तर वेग वाढवावा.

तरीही भोक पडतेच. पडल्याबरोबर त्याच गरम कडेवर रॉड नेऊन ते भरायला जाणे, ही प्रत्येकाची पहिली चूक असते. आधी थांबावे, थंड होऊ द्यावे, खपली पूर्ण काढावी, मागे तांब्याची पट्टी दाबावी, आणि मग भोकाच्या कडेवर एकेक थेंब ठेवत, प्रत्येक थेंबानंतर लाली उतरू देत, गोल गोल आत यावे. भोक करंगळीच्या पेराहून मोठे असेल तर भरण्याच्या भानगडीत न पडता ठिगळ लावावे.

अँगल आणि पत्रा: एक लहान दार

सरावानंतर पहिले काम म्हणून खताच्या खोलीचे लहान दार घ्यावे. २५ मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाड अँगलची चौकट आणि त्यावर १८ गेजचा पत्रा. चौकट आधी सपाट जागेवर गुण्या लावून, कर्ण मोजून पक्की करावी. अँगल जोडताना करंट वाढवलेला असतो. पत्रा घेण्याआधी तो खाली आणायचा राहून जातो, एवढे आठवणीत ठेवावे. जाड आणि पातळ जोडताना आर्क अँगलवरच पेटवावी, डबके तेथेच तयार होऊ द्यावे आणि मग त्याची कड पत्र्याला नुसती स्पर्श करवावी. रॉडचा दोन-तृतीयांश वेळ अँगलवर जावा.

दाराच्या पत्र्याला सलग शिवण लागतच नाही. दर चार-पाच इंचांवर पाऊण इंचाची शिवण पुरे, आणि तीही समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने. सलग मारली तर पत्र्याच्या मधोमध पोट येते आणि दार हात लावताच डबड्यासारखे वाजू लागते. पत्रा बसवण्याआधी पत्रेवाल्याकडून त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखा हलका मोड काढून घेतल्यास हा त्रास टळतो.

पुन्हा कूलर

कूलरच्या टाकीला हात लावण्याआधी पंखा आणि पंप काढून बाजूला ठेवावेत; नुसता प्लग काढून भागत नाही, कारण वेल्डिंगचा करंट मोटरच्या वायरीतून वाट काढू शकतो. मग टाकीचा गंजलेला भाग खिळ्याच्या टोकाने टोचत जावे. खिळा आरपार जातो तेथवर पत्रा मेलेला असतो, आणि तेथून आणखी इंचभर पुढे उजळ, ताठ पत्रा लागेपर्यंत कापावे. मी पहिल्या वेळी हेच केले नव्हते. गंजाच्या पापुद्र्याला रॉड लावत राहिलो आणि भोक पुढे पुढे पळत राहिले. उरलेला पत्रा १८ गेज किंवा जाड निघाला तर जस्त घासून, त्याच जाडीचे गोल कोपऱ्यांचे ठिगळ आतून पाऊण इंच चढवून, वर सांगितल्याप्रमाणे टाके आणि तुटक शिवणींनी पूर्ण फेरा मिळवावा.

पण बाजारातले बहुतेक कूलर याहून पातळ पत्र्याचे असतात, आणि त्यांना मी आता रॉड लावत नाही. ठिगळ रिव्हेटने ठोकून, सांध्यात एपॉक्सीचा लांबी-मसाला भरून वरून डांबरी रंगाचे दोन हात दिले की दोन-तीन उन्हाळे निघतात. झाळायची हातोटी असलेला कोणी गावात उरला असेल, तर जस्ताचा पत्रा कथिलाने झाळून घेणे याहूनही चांगले.

वेल्डिंग केलेली टाकी गळते का, हे पाणी न भरताही पाहता येते. जोडाला बाहेरून खडूचा घट्ट लेप द्यावा, तो वाळला की आतून रॉकेलचा बोळा फिरवावा. सुईच्या अग्राएवढे छिद्र असले तरी पंधरा-वीस मिनिटांत खडूवर ओला काळपट ठिपका उमटतो. पुन्हा रॉड लावण्याआधी रॉकेल साबणाने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवावे.

रंगाआधी खपलीचा कण न् कण तारेच्या ब्रशने काढावा, कारण रंग खपलीला धरतो आणि खपली पहिल्या पावसात सुटते. घासलेल्या जागेवर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडा राहिलेला जोड सकाळी तांबूस झालेला असतो. पंखा-पंप परत बसवल्यावर कूलरच्या पत्र्याला अर्थची वायर पक्की जोडली आहे ना, हे टेस्टरने नव्हे तर मल्टिमीटरने तपासावे, आणि मगच टाकीत पाणी ओतावे.